वथबाच्या दगडांमागून आलेली हाक

पहिल्यांदाच इथे लिहितेय, म्हणून आधी स्वतःबद्दल थोडं सांगते. अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता... आणि खरं सांगायचं तर आजही सरसकट नाही. मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलंय. अबू धाबीच्या एका इंडियन स्कूलमध्ये बरीच वर्षं नववी-दहावीला सायन्स शिकवलं. घरात कुणी दृष्ट काढायला घेतली, की मिरच्या जळताना ठसका का लागतो ते समजावून सांगणारी मी बाई. त्यामुळे हा अनुभव इतकी वर्षं आमच्या घरातच राहिला. लिहिण्याआधी नवऱ्याला विचारलं, मुलीलाही फोन केला. ती म्हणाली, "लिही ना आई, but properly. मसाला नको." तर मसाला न घालता लिहिते.

नव्याण्णव सालचा हिवाळा असावा. श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, मुसफ्फाच्या औद्योगिक भागात एका कंपनीत इंजिनियर होता आणि आम्ही अबू धाबी शहरात राहायचो. आम्ही दोघं एकाच कॉलेजचे, त्यामुळे आमचं अरे-तुरेच. मुलगी रेवा तेव्हा सहा वर्षांची. जन्मापासून तिकडेच वाढलेली. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्लिशमध्ये यायचं.

त्या वर्षी माझ्या सासऱ्यांना आम्ही व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आणलं होतं. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. कराडच्या अलीकडे एका गावात ते प्राथमिक शाळेत मास्तर होते. पहिलीचा वर्ग आणि सगळ्या शाळेची कवायत त्यांच्याकडे. आवाज असा, की मैदानावर त्यांनी "सावधान" म्हटलं की ओढ्यापलीकडे म्हशी राखणारेसुद्धा ताठ उभे राहतात, असं गावात गमतीनं म्हणायचे. लग्नानंतर सुरुवातीला मला त्या आवाजाची धास्तीच वाटायची. ते "पोरी, चहा टाक गं" म्हणाले तरी मी दचकायची. पुढे कळलं, माणूस लोण्यासारखा, फक्त आवाज मोठा.

सासूबाई गेल्या आणि पाठोपाठ वर्षभरात अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. हळूहळू काठी घेऊन चालायला लागले, डाव्या हातानं चमच्यानं जेवायला लागले, पण शब्द काही परत आले नाहीत. समजायचं सगळं. मान हलवून हो-नाही सांगायचे. बोलायला गेले की तोंडातून फक्त एक जाडसर "अं..." निघायचा. डॉक्टर म्हणाले होते, गळा शाबूत आहे, शब्दापर्यंत जायची मेंदूतली वाट बंद झालीय.

त्या "अं"ला रेवा घाबरायची. तिनं आजोबांचा खरा आवाज फारसा ऐकलेलाच नव्हता. ती अगदी लहान असतानाच त्यांना झटका आलेला. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ यायची, तेही तिला नको वाटायचं. ती समोरून गेली की अण्णा डावा हात पुढे करायचे, ती वळसा घालून जायची, मग ते हात हळूच मागे घेऊन गुडघ्यावर ठेवायचे. ते मला बघवत नसे. रागावून तरी काय करणार... मूल ते. ओढून प्रेम करायला लावता येत नाही.

श्रीकांतच्या ऑफिसात कुरियन म्हणून एक केरळी गृहस्थ होते. ते घरी आले असताना अण्णांना दिवसभर खिडकीत बसलेलं बघून म्हणाले, "फादर को थोडा बाहर ले जाओ, मॅडम. वथबा जाओ. वहाँ सँड का समुंदर है, लेकिन पत्थर का."

म्हणून एका शुक्रवारी आम्ही निघालो. पोळ्यांची गुंडाळी, बटाट्याची सुकी भाजी, थर्मासमध्ये चहा. अल ऐनकडे जाणारा ट्रकचा रस्ता धरायचा, उंटांच्या शर्यतींचा भाग मागे टाकायचा आणि पुढे आत वळायचं. आता तिथे संरक्षित क्षेत्र केलंय म्हणतात, नीट पायवाटा वगैरे आहेत. तेव्हा काही नव्हतं. टायरच्या खुणांमागून जायचं आणि बरं वाटेल तिथे थांबायचं.

जागा मात्र बघण्यासारखी. कोणे एके काळी वाळूच्या टेकड्या ओल धरून आतल्या चुन्यानं घट्ट झाल्या, दगडच झाल्या, आणि मग वाऱ्यानं त्यांना कोरून काढलं. पांढरट-पिवळ्या रंगाच्या लाटा, कुठे माणसाएवढ्या, कुठे दुमजली घराएवढ्या, फुटायच्या आधी थांबलेल्या. थरांवर थर, चिरोट्यासारखे. मध्ये भोकं, खिंडी, पुढे आलेल्या पातळ कडा. हात लावला की पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं. रेवा उतरली ती पळतच सुटली.

अण्णा खूश होते. काठी मला दिली आणि डावा तळहात दगडावर ठेवून बराच वेळ उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर तो जुना मास्तर दिसला. असं वाटलं, आता वळून मुलांना सांगतील, हे बघा, याला म्हणतात वाऱ्याचं काम. आम्ही सावलीत जेवलो. नंतर श्रीकांत कॅमेरा घेऊन रेवाला पलीकडची मोठी रांग दाखवायला गेला. अण्णा दमले होते म्हणून मी त्यांच्यापाशी थांबले. दगडांची ती रांग आमच्या गाडीपासून थोड्या अंतरावर सुरू व्हायची आणि वळत वळत आत जायची.

वारा सुटला तेव्हा आधी मला काही वाटलं नाही. मग आकाशाची एक कड मळकट दिसायला लागली आणि ती कड आमच्याकडे येतेय हे कळलं. शमाल... तिकडे वाळूचं वारं येतं त्याला शमाल म्हणतात. शहरात खिडक्या लावून घेतल्या की झालं, पण उघड्यावर मी ते पहिल्यांदाच बघत होते. मी श्रीकांतला हाका मारल्या. माझ्या हाका माझ्याच कानाशी राहिल्या. कसंबसं अण्णांना पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, कारण पट्ट्याशिवाय ते उजवीकडे कलायचे. मी स्टिअरिंगच्या बाजूला बसले, काचा वर केल्या, आणि दोन श्वासांत बाहेरचं सगळं गेलं. गाडीचं बॉनेटसुद्धा नीट दिसेना.

थोड्या वेळानं दार उघडलं. श्रीकांत. तोंडाला रुमाल बांधलेला, डोळे लाल.

"रेवा आली का इकडे?"

"इकडे? तुझ्याबरोबर होती ना ती?"

"ती लपली होती रे दगडामागे... खेळत होतो आम्ही. मी शोधायला वळलो आणि हे आलं."

गडबडीत तो मलाच "रे" म्हणाला. मी गाडीतून उतरायला लागले तर त्यानं खांद्याला धरून बसवलं. "तू नाही. तू हरवलीस तर अण्णांचं काय? हॉर्न वाजवत राहा. त्याच्यावरून मला तरी परत येता येईल." आणि गेला.

ज्यांनी तो भाग पाहिलाय त्यांना भीती कशाची ते सांगायला नको. मूल एका जागी बसून राहिलं तर सापडतं. पण घाबरलेलं मूल बसत नाही, चालत सुटतं. आणि त्या रांगेपलीकडे एकदा ती गेली, की पुढे नुसती वाळू. मी हॉर्न वाजवत होते आणि तोंडानं काय काय पुटपुटत होते, देवाचं नाव की नुसतं तिचं नाव, आठवत नाही.

तेवढ्यात अण्णांनी माझं मनगट धरलं. डाव्या हातानं, घट्ट. हॉर्नवरून माझा हात बाजूला केला. मी त्यांच्याकडे बघितलं, तर ते मान थोडी वाकडी करून ऐकत होते. मीही कान दिला. वारा. काचेवर वाळू, पत्र्याच्या डब्यात रवा ओतावा तशी. दुसरं काही म्हणजे काही नाही. आणि अण्णांचा चेहरा... फार वर्षांनी ओळखीचं माणूस दारात उभं दिसावं, तसा झाला होता. ओठ मिटलेले होते. हे मी शपथेवर सांगते, कारण मी सरळ त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ओठ मिटलेले आणि डोळ्यांत पाणी, आणि ते चक्क हसत होते.

मला वाटलं, भीतीनं यांचं काहीतरी झालं. मी हात सोडवून घेतला आणि पुन्हा हॉर्न दाबला.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग अण्णांच्या बाजूचं दार कुणीतरी खसकन ओढलं. श्रीकांतच होता. तो आत बघत तसाच उभा राहिला. वाळू सगळी गाडीत यायला लागली.

"अण्णा... हे इथेच होते?"

"म्हणजे?"

"मग बाहेर कोण होतं? मी आत्ता ऐकलं त्यांना. रेवाला हाक मारत होते. त्या तिकडून." त्यानं रांगेच्या मागच्या बाजूला हात केला. "मला वाटलं तू यांना बाहेर सोडलंस. मी तुझ्यावर चिडून आलो."

"श्रीकांत, पट्टा बघ त्यांचा. ते हललेसुद्धा नाहीत."

त्यानं पट्टा बघितला. वडिलांकडे बघितलं. अण्णांनी डाव्या हाताचं बोट उचललं आणि त्यानं दाखवली होती तीच दिशा दाखवली. श्रीकांत वळला आणि चार पावलांत दिसेनासा झाला.

फार लांब जावंच लागलं नाही त्याला. रांगेच्या टोकाशी, दगडाला चिकटून, रेवा चालत येत होती. एका हातानं फ्रॉकचा घेर नाकावर धरलेला आणि दुसरा हात दगडावर घासत. त्यानं तिला उचलून गाडीत आणलं. मी मागच्या सीटवर जाऊन तिला कुशीत घेतलं तेव्हा तिच्या केसांतून, कानांतून वाळू गळत होती. ती रडत नव्हती. तिनं वाकून पुढच्या सीटवर बघितलं आणि तिला रागच आला.

"आजोबा, you came back first? You said you are walking with me."

श्रीकांत स्टिअरिंगवर बसला होता, त्यानं किल्ली फिरवली नाही. मीच विचारलं, "रेवा, तुझ्याशी कोण बोललं बाळा?"

"Ajoba only."

"काय म्हणाले?"

"I was running. So he said थांब. Very loud. I got scared and stopped. Then he said खाली बस, फ्रॉक नाकावर धर. So I sat."

"मग?"

"Then long time nothing. Then he said ऊठ. जेवायचा हात नको, दुसरा हात दगडाला लाव." इथे ती थोडी हसली. "I asked him which one, because Ajoba eats with the other hand, no? So he said, माझा नाही गं, तुझा. Then he said दगड सोडायचा नाही. And we came."

"तू त्यांना बघितलंस?"

"Sand was there, आई. How to see?"

श्रीकांतनं कपाळ स्टिअरिंगला टेकवलं. मागे न बघता तो म्हणाला, "पहिलीतल्या पोरांना डावं-उजवं कळायचं नाही. कवायतीला अण्णा सांगायचे, जेवायचा हात वर. आता दुसरा. मीपण तसंच शिकलो." हे मला माहीत नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं होऊनही कधी विषय निघाला नव्हता. रेवाला कळायचं तर कारणच नव्हतं. तिला आम्ही लेफ्ट-राइट शिकवलेलं, तेही शाळेतल्या गाण्यावरून.

वारं पडलं तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. निघण्याआधी श्रीकांत तिला कडेवर घेऊन ती कुठे बसली होती ते बघायला गेला. परत आला तो पांढराफटक. नंतर घरी गेल्यावर त्यानं मला सांगितलं. रांगेच्या मागच्या बाजूला एक पसरट दगड पुढे जातो आणि एकदम संपतो. खाली दोन पुरुष खोल, आणि तळाला फुटलेल्या फरश्यांसारखे धारदार तुकडे. रेवानं त्याला बोटानं दाखवलं होतं, इथे मी थांबले. कडेपासून तिच्या दोन-तीन उड्यांवर.

घरी येऊन मी तिचा डावा तळहात धुतला. सगळा खरचटलेला. हळद लावताना ती ओरडत होती, आणि मला मात्र त्या हातावरून हात काढवेना.

आता मसाला नको म्हटलंय, म्हणून शंकाही सगळ्या लिहिते. पहिली मीच काढली. त्या दगडांत भोकं आहेत, खिंडी आहेत, वारा शिरला की आवाज होणारच. कुरियननाही विचारलं. ते म्हणाले, "हवा वहाँ गाना गाता है, मॅडम, मैंने भी सुना है." गाऊ दे. पण वारा मराठीत "माझा नाही गं, तुझा" म्हणत नाही. दुसरी शंका, अण्णाच ओरडले असतील. झटका आलेला माणूस भीतीच्या भरात एखादा शब्द बोलून जातो, असं डॉक्टरांनी नंतर आम्हाला सांगितलं. एखादा शब्द. पण बंद काचांच्या गाडीत मी त्यांच्या शेजारी होते आणि मला काहीच ऐकू आलं नाही. तिसरी, रेवाची कल्पना. मुलं करतात. मग श्रीकांतनं काय ऐकलं? तो अजून सांगतो, आवाज आजारपणाआधीचा होता, भरलेला, मैदानावरचा. त्याला एक क्षणही शंका आली नाही. म्हणून तर तो माझ्यावर चिडून परत आला.

त्या दिवसानंतर घरात एक गोष्ट बदलली. रेवा आजोबांना घाबरेनाशी झाली. शाळेतून आली की दप्तर टाकून थेट त्यांच्या खुर्चीपाशी. दिवसभराचं सगळं इंग्लिशमध्ये त्यांना सांगायची, मध्येच विचारायची, "हो की नाही, आजोबा?" ते मान हलवायचे. लाळ आली की स्वतःच रुमालानं पुसायची आणि पुढे बोलायची. ते "अं" करायचे, तर ती मला भाषांतर करून सांगायची, "He wants tea." आणि बहुतेक वेळा खरंच चहाच हवा असायचा. त्यांनी पुढे केलेला हात मग कधी रिकामा मागे गेला नाही.

आम्ही मोठी माणसं मात्र त्या विषयाभोवती फिरत राहिलो. विचारायचं कसं, आणि काय? शेवटी त्यांचा व्हिसा संपत आला. धाकटे दीर न्यायला येणार होते. त्या आठवड्यात एका संध्याकाळी मी त्यांच्या बॅगेत कपडे भरत होते आणि ते पलंगावर बसले होते. रेवा खाली खेळायला गेली होती. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"अण्णा, एक विचारू? त्या दिवशी दगडांपाशी... रेवाला तुम्ही हाक मारलीत?"

ते माझ्याकडे बघत राहिले. घाई नव्हती त्यांना. मग त्यांनी मान हलवली. नाही.

मला वाटलं प्रश्न कळला नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. स्पष्ट.

मग मला गाडीतलं आठवलं, माझं मनगट धरून ते ऐकत होते ते. मी विचारलं, "तुम्हाला ऐकू आली हाक?"

हो.

"कुणाची?"

त्यांनी डावा तळहात उचलला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला.

किती दिवस हा माणूस स्वतःच्या आवाजाशिवाय राहत होता, याचा विचार मी त्याआधी कधी केलाच नव्हता. आम्ही त्याला औषधं दिली, व्यायाम दिले, खिडकीतली खुर्ची दिली. पण ज्या आवाजावर अख्खी शाळा उभी राहायची, तो त्यालाही परत एकदा ऐकावासा वाटत असेल, हे मनात आलं नव्हतं. मग उगाचच विचारलं, "तसाच होता का अण्णा? पूर्वीसारखा?"

त्यांनी थोडा विचार केला. मग डावा हात बाजूला पार लांब पसरला. मोठा. पूर्वीपेक्षाही मोठा. आणि लाजल्यासारखे हसले. मीही हसले, आणि रडलेही. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, तर त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला, आणि बॅगेत राहिलेल्या सदऱ्याकडे बोट दाखवलं... तो नीट घडी घाल म्हणून.

अण्णा त्यानंतर दोन हजार दोनपर्यंत होते, गावी, दिरांकडे. एकही शब्द बोलले नाहीत. दर शुक्रवारी फोन लावला की दीर रिसीव्हर त्यांच्या कानाला लावायचे आणि रेवा इकडून बडबडायची. गेले तेही शांतपणे, दुपारच्या झोपेत.

इथे कुणी ध्वनिशास्त्रातलं जाणकार असेल, मेंदूचे डॉक्टर असतील, तर जरूर लिहा. मी वाचेन, मनापासून वाचेन. शिक्षिका आहे, उत्तर न सापडलेला प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही. तो आवाज कुणाचा, कुठून आला, तिघांना ऐकू आला आणि मला का नाही, यातलं काहीही मला आजपर्यंत सांगता येत नाही. पण खरं सांगू... आम्ही कधीच भारतात परतलोय, रेवा आता स्वतः नोकरी करते, परवाच रजेवर घरी येऊन गेली. तिला स्टेशनवरून आणताना गाडीत ती शेजारी झोपली होती. तिच्याकडे बघितलं आणि वाटलं, उत्तर मिळालं नाही तरी चालेल. माझी मुलगी मला परत मिळाली. ज्यानं कुणी ती आणून दिली, त्याचे आभार मला मानता आले पाहिजेत, एवढंच. म्हणून हे लिहिलं.